राजासाठीं मांडलेली रणभूमि

मेजावर युद्ध खेळण्याची हौस आपल्या बुद्धिबळाइतकी जुनी. परंतु त्या चौसष्ट घरांत टेकडी नाहीं, ओढा नाहीं, वाट नाहीं. ही उणीव प्रशियांतील राइस्विट्झ नांवाच्या एका मुलकी अधिकाऱ्यानें हेरली. १८११ सालीं त्यानें तेथील राजपुत्रांना ओल्या वाळूंत रचलेली रणभूमि दाखविली. राजालाही ती पाहावीशी वाटली. पण राजापुढें वाळू कशी न्यावी? गृहस्थ पुन्हा कामाला लागला. ओतीव चौरस तुकड्यांवर त्यानें टेंकड्या, नद्या, गांवें उठविलीं आणि रंगविलीं. पलटणींसाठीं चिनी मातीच्या सोंगट्या केल्या. तुकडे हवे तसे जुळवावे आणि दर वेळीं नवा मुलूख मांडावा, अशी सोय होती. १८१२ मध्यें मेजाएवढी ती पेटी राजवाड्यांत पोंचली व राजघराणें तींत रमलें.

सेनेला मात्र ती पटली नाहीं. तें यश त्याच्या पुत्राचें. तोफखान्यांतील या तरुण अधिकाऱ्यानें सारी शोभा टाकून साधा नकाशा, तांबडे-निळे ठोकळे, फांसे व एक पंच एवढेंच ठेविलें. १८२४ सालीं सेनाप्रमुख म्युफ्लिंग अनुत्साहानेंच पाहावयास बसला; डाव रंगतां, हा खेळ नव्हे, युद्धाचें शिक्षण आहे, असें त्यानें सांगितलें. खेळ पलटणींत गेला. तीन वर्षांनीं, १८२७ मध्यें, त्याच्या कर्त्यानें आत्महत्या केली. बापाची पेटी बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यांत जतन झाली.