जुन्या मोटारीच्या स्टीअरिंग पेटीतील वंगण : फोर्ड 'मॉडेल ए'च्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मोटारीच्या इतिहासलेखनात इंजिन, कारखाने व उद्योगपती यांना जे स्थान लाभले, ते वंगणाच्या वाट्यास आलेले नाही. वस्तुतः यंत्र किती काळ टिकले याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या तेलात सापडते. प्रस्तुत लेखात डिसेंबर १९२७ मध्ये विक्रीस आलेल्या फोर्ड 'मॉडेल ए' या मोटारीच्या स्टीअरिंग पेटीतील वंगणाचा विचार केला आहे.

वाफेच्या युगाचा वारसा :
या मोटारीची गिअर पेटी व मागील आस यांसाठी '६००-डब्ल्यू' हे दाट तेल वापरले जाई. स्टीअरिंग पेटीसही तेच रूढ झाले. हे मूलतः वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरचे तेल होय. त्यातील ६०० या अंकाचा एसएई श्रेणीशी संबंध नाही. स्टीअरिंग पेटीत आट्यांचा दंड दातेरी खंडास घासत सरकतो. दातांनी बाजूस सारलेले वंगण पुन्हा त्यांच्यावर ओघळून येणे ही येथील खरी गरज असते आणि दाट तेल ती भागवीत असे.

गळती व ग्रीस :
दिव्यांच्या खटक्याची सळई स्टीअरिंगच्या पोकळ दांड्यातून खाली जात असल्याने तेल तळाशी ठिबकत राही. यावर उपाय म्हणून अनेक मालकांनी पेटीत घट्ट ग्रीस ठासले. गळती थांबली, परंतु दात ग्रीसमध्ये चर पाडतात आणि एकदा दूर सारलेले ग्रीस परत येत नाही. मोटार बहुतांशी सरळ धावते, म्हणून मधले दात आधी झिजतात. ही ढिलाई काढण्यासाठी पेटी आवळली असता टोकांकडील न झिजलेले दात अडकतात व ऐन वळणावर चाक जड होते. ठिबकणाऱ्या तेलापेक्षा हा धोका निश्चितच मोठा आहे.

नवी तेले :
१९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने हायपॉइड गिअर स्वीकारल्यानंतर गंधकयुक्त, अतिदाब सहन करणाऱ्या तेलांची गरज वाढली. सक्रिय गंधक उष्णतेत ब्राँझला खातो आणि जुन्या पेट्यांत ब्राँझचे बुश असतात. आधुनिक तेलांत हा दोष पुष्कळ कमी झाला आहे. स्टीअरिंग पेटी फारशी तापतही नाही. त्यामुळे याविषयीची भीती काहीशी अतिरंजित वाटते. तथापि, हायपॉइडसाठी घडविलेल्या जीएल-५ तेलाची येथे आवश्यकताही दिसत नाही.

बुश व सील सुस्थितीत असल्यास एसएई १४० श्रेणीचे साधे खनिज गिअर तेल मूळ योजनेस सर्वांत जवळचे ठरते. गळती न थांबणाऱ्या पेटीत एनएलजीआय '००' श्रेणीचे अर्धद्रव ग्रीस चालते. त्याचा वेधांक ४०० ते ४३० असतो, तर नेहमीच्या '२' क्रमांकाच्या ग्रीसचा २६५ ते २९५. म्हणजे ते संथपणे का होईना, ओघळते. मात्र कोणतेही वंगण भरण्यापूर्वी पेटी उघडून तळाशी वाळून बसलेले जुने ग्रीस खरवडून, रॉकेलने धुऊन काढावे लागते. नव्या तेलाची वाट बहुधा तेच अडवून बसलेले असते.