केसांतली पाऱ्याची नोंद

विषप्रयोगाचा संशय आला की मृताचे केस तपासायचे, ही रीत जुनी. 1961 मध्ये नेपोलियनच्या केसांत आर्सेनिक सापडल्याचं ‘नेचर’मध्ये छापून आलं, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली. पण एखाद्याला कुणी विष घातलं का, हा एक प्रश्न. आणि रोजच्या जेवणातून गावच्या गाव किती विष खातंय, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नासाठी केस कामी आले ते जपानमध्ये.

मिनामाताच्या खाडीत चिस्सो कारखान्याचं सांडपाणी सोडलं जाई. त्यातला मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचा एक सेंद्रिय प्रकार, माशांत गेला, माशांतून कोळ्यांच्या पोटात, आणि लोक आजारी पडू लागले. 1959 मध्ये कुमामोतो विद्यापीठानं या आजाराचं कारण म्हणून सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. रुग्णांच्या केसांत 705 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 705 भाग) पारा निघाला. पुढच्या वर्षापासून प्रशासनानं किनाऱ्यावरच्या लोकांचे केस गोळा केले. गोशोनोउरा बेटावरच्या एका बाईच्या केसांत तर 920 पीपीएम भरला. पण ज्यांचे केस कापून नेले, त्यांना आकडे कळवलेच नाहीत. या साऱ्या इतिहासात मला हेच सर्वांत अक्षम्य वाटतं.

केसातल्या केराटिनमध्ये गंधक भरपूर, आणि पारा गंधकाला घट्ट धरतो. केस मुळाशी घडत असताना रक्तातला मिथिल पारा त्यात अडकतो, तोही रक्ताच्या सुमारे 250 पट. केस त्वचेबाहेर आला की रक्ताशी त्याचा संबंध संपतो, पारा मात्र तिथंच राहतो. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर केस वाढतो, म्हणजे लांब केसावर महिन्यांचा हिशेब मांडलेला असतो.

तो हिशेब वाचला गेला इराकमध्ये. 1971 साली तिथं पेरणीसाठी परदेशातून गहू आला. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथिल पारा चोळलेला, ओळखू यावा म्हणून लाल रंग दिलेला. पोत्यांवरच्या सूचना मात्र परक्या भाषेत. लोकांनी गहू धुतला. रंग गेला, पारा राहिला, आणि त्याच्या रोट्या झाल्या. लक्षणं दिसायला आठवडे लागत असल्यानं खाणं थांबलंही नाही. 6,530 जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांतले 459 दगावले.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या थॉमस क्लार्कसन यांच्या गटानं इराकी डॉक्टरांबरोबर काम करून बायकांच्या लांब केसांचे तुकडे क्रमानं तपासले. केस डोक्याच्या अगदी जवळ कापायचा आणि मुळाकडचं टोक जपून ठेवायचं. टोकांची अदलाबदल झाली तर महिनेच उलटे लागतात. रोट्या खायला लागल्यापासून पारा कसा चढला, बंद झाल्यावर कसा उतरला, आणि गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात तो सर्वाधिक होता, हे एकेका केसावरून उलगडलं. मग त्या आकड्यांशी मुलांचं उशिरा चालणं-बोलणं ताडून पाहता आलं.

फेरो बेटांवर तर कुणी आजारी पडायची वाटच पाहिली नाही. तिथं पायलट व्हेलचं मांस पूर्वापार खातात, आणि त्यातही हा पारा असतो. 1986-87 मध्ये बाळंतिणींचे केस आणि नाळेतलं रक्त घेतलं, मुलं वाढताना त्यांच्या चाचण्या केल्या. 1998 मध्ये तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी गरोदर बायकांना हे मांस खाऊ नका, असं सांगितलं.