शिवीला शिक्षा किती? ऑनलाइन खेळांतील न्यायदानाची कसोटी

जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटी क्रिकेटरसिकांच्या विस्मरणात गेलेली नाही. अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून वांशिक शेरेबाजी केल्याच्या आरोपावरून सामनाधिकाऱ्यांनी हरभजनसिंगवर तीन कसोटी सामन्यांची बंदी घातली. त्या निर्णयाविरुद्ध अपील झाले. न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर सुनावणी झाली, साक्षी नोंदविल्या गेल्या आणि वांशिक शेरेबाजीचा आरोप सिद्ध न झाल्याने बंदी उठली. कमी गंभीर कलमाखाली सामन्याच्या मानधनाच्या निम्म्या रकमेचा दंड मात्र झाला. उच्चारले गेलेले शब्द इंग्रजीतील वांशिक टोमण्याचे होते की हिंदीतील शिवीचे, हा त्या सुनावणीतील एक कळीचा मुद्दा होता.

एका वाक्यासाठी सामनाधिकारी, साक्षीदार, वकील आणि न्यायमूर्ती, एवढी यंत्रणा राबली. संगणकावर किंवा मोबाइलवर अनोळखी लोकांसमवेत खेळल्या जाणाऱ्या खेळांत अशी वाक्ये क्षणोक्षणी लिहिली व बोलली जातात. तेथे पंच नाही, सामनाधिकारी नाही. आणि तरीही शिक्षा होते. कोणाचे बोलणे बंद केले जाते, कोणाचे खाते दोन आठवड्यांसाठी गोठविले जाते, तर कोणाला कायमचे बाहेर काढले जाते. या शिक्षा न्याय्य असतात काय, हा प्रश्न आता केवळ हौशी खेळाडूंपुरता राहिलेला नाही.

गुन्ह्याचे स्वरूप

‘लीग ऑफ लिजेंड्स’ हा २००९ मध्ये रायट गेम्स या अमेरिकी कंपनीने आणलेला खेळ या संदर्भात सर्वाधिक अभ्यासला गेलेला आहे. पाच विरुद्ध पाच अशी त्याची रचना असून एक सामना साधारणपणे अर्धा तास वा त्याहून अधिक काळ चालतो. संघातील पाचही जण बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. एकाच्या चुकीचा भुर्दंड उरलेल्या चौघांना पडतो, आणि सामना अर्धवट सोडून जाणाऱ्यालाही शिक्षा होते. म्हणजेच ज्याला शिव्या खाव्या लागतात, त्याला उठून जाण्याचीही सोय नसते. रस्त्यावर कोणी अपशब्द वापरला तर आपण वाट बदलू शकतो. येथे मात्र शिवी देणाऱ्याच्याच खांद्याला खांदा लावून लढावे लागते.

त्रास देणाऱ्याचे बोलणे आपल्यापुरते बंद करण्याचे बटण या खेळांत असते. मग शिक्षेची गरजच काय, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अपुरा आहे. बटण दाबेपर्यंत शब्द कानावर पडलेले असतात, आणि बटण दाबल्यावर संघाच्या डावपेचांची माहितीही मिळेनाशी होते. शिवी दिली एकाने आणि गैरसोय सोसायची दुसऱ्याने, हा न्याय म्हणता येणार नाही. शिक्षेची व्यवस्था हवीच. वाद आहे तो तिच्या रीतीविषयी.

पहिला गाजलेला खटला

या वादाचे मूळ चित्रमय खेळांच्याही आधीचे आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पाव्हेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ नावाचे, केवळ मजकुरावर चालणारे एक काल्पनिक जग उभारले होते. तेथे ‘मिस्टर बंगल’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचार केल्याचा मजकूर सर्वांसमक्ष झळकविला. सदस्यांनी दीर्घ चर्चा केली; पण काय शिक्षा द्यावी आणि ती देण्याचा अधिकार कोणाचा, यावर एकमत होईना. अखेर एका व्यवस्थापकाने स्वतःच्या अखत्यारीत ते पात्र नष्ट केले. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये ही हकिगत लिहिली आणि ती जगभर पोहोचली.

या प्रकरणातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे, लेखी नियम नसताना दिलेली शिक्षा योग्य वाटली तरी ती मर्जीवर अवलंबून असते. म्हणूनच पुढे तेथे सदस्यांच्या मतदानाने निर्णय घेण्याची पद्धत सुरू झाली. दुसरी म्हणजे, हद्दपार झालेला तो सदस्य काही काळाने नवे नाव धारण करून परतला. नियम आणि बंदीची परिणामकारकता, हे दोन्ही प्रश्न आजही सुटलेले नाहीत.

खेळाडूंचीच पंचायत

रायट गेम्सने मे २०११ मध्ये ‘ट्रायब्युनल’ नावाचा अभिनव प्रयोग सुरू केला. ज्याच्याविरुद्ध वारंवार तक्रारी आल्या असतील, त्याच्या संभाषणाची नोंद अनुभवी खेळाडूंसमोर ठेवली जाई. ती वाचून त्यांनी ‘शिक्षा’ किंवा ‘माफी’ यांपैकी एक कौल द्यायचा. गावच्या पंचायतीसारखीच ही व्यवस्था होती. शिवी आणि थट्टा यांतील सीमारेषा खेळणाऱ्यांनाच ठाऊक असते, हा त्यामागील विचार होता.

या पंचायतीचे गुण निर्विवाद होते. निर्णय माणसे घेत असत, संपूर्ण संभाषण वाचून घेत असत आणि एका व्यक्तीच्या लहरीवर काही अवलंबून नसे. परंतु उणिवाही होत्या. आरोपीला आपली बाजू मांडण्याची संधी नव्हती. सुरुवातीच्या काळात बहुमताशी जुळणारा कौल देणाऱ्याला खेळातील चलनाचे बक्षीस मिळे. साहजिकच मजकूर न वाचता ‘शिक्षा’ हे बटण दाबत सुटण्याचा मोह होई. शिवाय निकालास विलंब लागे. ज्या सामन्याबद्दल शिक्षा झाली, तो सामना दोषी खेळाडूच्या स्मरणातूनही गेलेला असे. २०१४ मध्ये ही व्यवस्था बंद पडली.

तिच्यातून हाती आलेला एक निष्कर्ष मात्र मोलाचा ठरला. कोणत्या प्रकारच्या वर्तनाबद्दल शिक्षा झाली एवढेच कळविलेल्या खेळाडूंपैकी सुमारे निम्म्यांनी पुढील तीन महिन्यांत शिक्षापात्र वर्तन केले नाही. ज्यांना प्रत्यक्ष संभाषणाचा उतारा आणि पंचांचा कौल दाखविला गेला, त्यांच्यात हे प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत गेले. ही आकडेवारी कंपनीचीच असल्याने ती काहीशी सावधपणे घ्यावयास हवी. तरीही कारण दाखविले म्हणजे माणूस सुधारण्याची शक्यता वाढते, हे त्यातून सूचित होते. याच कंपनीच्या अभ्यासातील दुसरा निष्कर्षही विचारात घेण्याजोगा आहे. बहुतांश दुर्वर्तन मूठभर सराईत उपद्रवी करीत नसून, एरवी नीट वागणारे लोक एखाद्या वाईट दिवशी करतात, असे आढळले. सराईत गुन्हेगारासाठी बेतलेली शिक्षा अशा माणसाला लावली, तर ती अन्यायाची ठरण्याचा संभव मोठा असतो.

यंत्राचा निकाल आणि भाषेचा पेच

२०१५ मध्ये कंपनीने यांत्रिक न्यायदानाकडे मोर्चा वळविला. तक्रार आल्यावर संगणकप्रणाली संभाषण तपासणार आणि सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत शिक्षा व पुराव्याचा उतारा खेळाडूपुढे ठेवणार, अशी ही योजना होती. वेग हा तिचा मोठाच गुण. चूक ताजी असतानाच तिची जाणीव करून दिलेली अधिक परिणामकारक ठरते.

मात्र यंत्राला संदर्भ समजणे अवघड असते, आणि शब्दांच्या यादीवर चालणाऱ्या चाळणीला तर तो मुळीच कळत नाही. ‘रेनबो सिक्स सीज’ या खेळात २०१८ मध्ये यादीतील अपशब्द टंकताच खेळाडूला तत्काळ बाहेर काढण्याची पद्धत आली. प्रथम अर्धा तास, पुढील दोन वेळा दोन तास आणि त्यानंतर कायमच्या बंदीच्या दृष्टीने चौकशी, असा तिचा क्रम होता. अशी चाळणी अक्षरे पाहते, अर्थ पाहत नाही. कोरियन भाषेतील ‘तू’ या अर्थाचे एक रोजच्या वापरातील रूप रोमन लिपीत लिहिले, तर ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना हिणविणाऱ्या शब्दासारखे दिसते. आपल्याकडील दीक्षित हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना त्याच्या शेवटी इंग्रजीतील एक असभ्य शब्द तयार होतो. मराठीतील ‘गांडूळखत’ या निरुपद्रवी, किंबहुना उपकारक वस्तूचे नाव अशा चाळणीत अडकले तर नवल नाही.

याच्या उलट बाजूकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. रोमन लिपीत लिहिलेली, अक्षरे मागेपुढे केलेली मराठी वा हिंदी शिवी इंग्रजीवर पोसलेल्या चाळणीतून सहज निसटू शकते. म्हणजे निरपराध अडकतो आणि खरा अपराधी सुटतो. सिडनीत भाषेचा हाच पेच एका न्यायमूर्तींना सोडवावा लागला. येथे तो यंत्रावर सोपविला जातो. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या निर्मात्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बोललेल्या शब्दांवरही यंत्राने नजर ठेवण्याची घोषणा केली. आवाजात तर उच्चार, चेष्टेचा सूर आणि शेजारच्या खोलीतील गोंगाट यांचीही भर पडते.

मात्रा किती असावी?

शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी, हे दंडशास्त्राचे जुने तत्त्व. ‘लीग ऑफ लिजेंड्स’मध्ये पुढे रूढ झालेली उतरंड या तत्त्वाला धरून होती: प्रथम दहा सामन्यांपुरते बोलण्यावर निर्बंध, मग पंचवीस सामन्यांपुरते, त्यानंतर चौदा दिवसांची बंदी आणि अखेरीस कायमची हकालपट्टी. वंशद्वेष किंवा जिवाची धमकी यांसारख्या प्रकारांत पायऱ्या गाळून थेट कठोर शिक्षा होई. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेल्या पद्धतीत अपराधानुसार ताशेरे जमा होतात. असभ्य भाषेसाठी एक, द्वेषमूलक वक्तव्यासाठी तीन, अशी त्यांची मोजणी. दोन झाले की एक दिवसाची बंदी आणि आठ झाले की एक वर्षाची. प्रत्येक ताशेरा सहा महिन्यांनी पुसला जातो. क्रिकेटमध्ये सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेली अवगुणांची पद्धत याच वळणाची आहे. तेथे हा कालावधी दोन वर्षांचा असतो.

जुनी चूक केव्हातरी पुसली जावी, ही कल्पना साधी वाटली तरी महत्त्वाची आहे. तिच्या अभावी आठ वर्षांत चार वेळा तोल गेलेला आणि एका आठवड्यात चार वेळा शिवीगाळ केलेला असे दोघे एकाच मापाने मोजले जातात.

कायमच्या बंदीचा विचार मात्र वेगळा करावयास हवा. बोलण्यातील अपराधासाठी बोलणे बंद करणे हे सरळ नाते झाले. पण खाते गोठविले की पैसे मोजून घेतलेली पात्रे, त्यांची वस्त्रे, अनेक वर्षांच्या खेळातून मिळविलेला दर्जा, सारेच हातचे जाते. या वस्तूंची मालकी खेळाडूची नसून त्याला केवळ वापराचा परवाना असतो, असे करारपत्रात लिहिलेले असते. ते करारपत्र न वाचताच ‘मान्य’ म्हणणारे बहुसंख्य असतात. व्यावसायिक खेळाडूच्या तर उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो; डिसेंबर २०१२ मध्ये रायटने एका नामवंत खेळाडूला सातत्याने दुर्वर्तन केल्याबद्दल वर्षभर स्पर्धांबाहेर ठेवले होते. याउलट, फुकट खेळता येणाऱ्या खेळात नवे खाते काढणे काही मिनिटांचे काम. एकाच शिक्षेने प्रामाणिक ग्राहक सर्वस्व गमावतो आणि सराईत उपद्रवी हसत परततो, ही कायमच्या बंदीतील मोठी विसंगती आहे.

दाद कोठे मागावी?

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये आणि कोणी स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, ही नैसर्गिक न्यायाची दोन सूत्रे आपल्याकडील न्यायालयांनी वारंवार अधोरेखित केली आहेत. खेळ चालविणारी कंपनी नियम करते, आरोप ठेवते, निकाल देते आणि बहुतेक वेळा अपीलही तीच ऐकते. ती सरकार नव्हे, हे खरे. तथापि लाखो लोकांचा वावर असलेल्या जागेचा कारभार तिच्या हाती आहे, हेही तितकेच खरे.

युरोपीय संघाने डिजिटल सेवा कायद्याद्वारे १७ फेब्रुवारी २०२४ पासून याबाबत व्यापक बंधने लागू केली. हा कायदा केवळ खेळांसाठी नाही. त्याच्या कक्षेत येणाऱ्या सेवांना मजकूर हटविताना वा खाते निलंबित करताना कारण कळवावे लागते. मोठ्या मंचांना अंतर्गत तक्रारीची सोय ठेवावी लागते आणि त्या तक्रारीचा निकाल केवळ यंत्रावर सोपविता येत नाही. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांनी मध्यस्थ कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पुढे त्यांच्या निर्णयांविरुद्ध दाद मागण्यासाठी अपील समित्याही स्थापन झाल्या.

न्याय्य शिक्षेची कसोटी यातून स्पष्ट होते. नियम आधीपासून आणि खेळाडूला समजणाऱ्या भाषेत लिहिलेला असावा. नेमके कोणते वाक्य आक्षेपार्ह ठरले, ते दाखविले जावे. पहिल्या चुकीला बोलण्यापुरता निर्बंध असावा. यंत्राने तातडीने थांबविण्यास हरकत नाही. परंतु खाते कायमचे हिरावून घेण्यापूर्वी ती भाषा जाणणाऱ्या माणसाने संपूर्ण संभाषण वाचलेले असावे. आणि तक्रारदारालाही त्याच्या तक्रारीचे काय झाले, हे कळावे. ज्याला शिवी मिळाली त्याचा विश्वास आणि ज्याला शिक्षा झाली त्याचा विश्वास, दोन्ही टिकले तरच तो न्याय. सिडनीच्या प्रकरणात अपिलाची वाट खुली होती, म्हणूनच बंदीचा फेरविचार होऊ शकला. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी संगणकासमोर बसून ज्या मैदानात उतरते, तेथेही अशी वाट असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.