फिल्मच्या कोपऱ्यातले नाव

बहुतेक घरांच्या कपाटात एखादी जुनी क्ष-किरण फिल्म असतेच. कोणाचा हात मोडलेला असतो, कोणाच्या छातीत कफ साठलेला असतो. अशी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली की आपले लक्ष जाते ते हाडाकडे. आज आपण हाड बाजूला ठेवू आणि फिल्मच्या कोपऱ्याकडे पाहू. तेथे एका लहानशा चौकोनात रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि एखादा क्रमांक असतो. हे नाव तेथे आले कसे? आणि ही छाती त्याच माणसाची कशावरून? प्रश्न बाळबोध वाटेल. पण डॉक्टर शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात तो या फिल्मवरून, आणि फिल्म कोणाची हे त्यांना कळते ते या कोपऱ्यावरून.

विल्हेल्म राँटजेन यांना वुर्झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. २२ डिसेंबरला त्यांनी आपली पत्नी अ‍ॅना बेर्था हिच्या हाताचे छायाचित्र काढले. एकच हात, एकच छायाचित्र. नावाची गरज कोणाला? पण महिन्याभराने, २३ जानेवारी १८९६ रोजी, भर सभेत त्यांनी शरीररचनाशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचे छायाचित्र काढले. आता हात दोन झाले. कातडी आणि मांस वगळले की माणसे एकमेकांसारखी दिसू लागतात. चेहऱ्याच्या फोटोत नाव नसले तरी चालते, हाडांच्या फोटोत चालत नाही.

त्यावर पहिला उपाय निघाला तो शिशाचा. क्ष-किरण पडतात तेथे फिल्म धुतल्यावर काळी होते. शिसे हा जड धातू, त्याचा अणुक्रमांक ८२. तो क्ष-किरण अडवतो. म्हणून शिशाची लहान अक्षरे फिल्मच्या कडेला ठेवली की ती पांढरी उमटतात. 'आर' म्हणजे उजवी बाजू, 'एल' म्हणजे डावी. याची आवश्यकता काय, असे विद्यार्थी विचारतील. फिल्म पारदर्शक असते; उलटी धरली की डावा हात उजवा होतो. छातीच्या फिल्ममध्ये हृदय डावीकडे दिसते, त्यावरून बाजू ओळखता येईल असे म्हणावे, तर काही थोड्या माणसांचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते. अशा माणसाच्या बाबतीत खरे काय ते फक्त ते शिशाचे अक्षर सांगते.

नावासाठी पुढे आणखी सोयीची युक्ती आली. फिल्मच्या पेटीच्या एका कोपऱ्यात शिशाची पट्टी बसवीत, म्हणजे तेवढा चौकोन कोराच राही. नंतर अंधाऱ्या खोलीत, फिल्म धुण्यापूर्वी, नाव लिहिलेल्या चिठ्ठीतून त्या कोऱ्या चौकोनावर क्षणभर प्रकाश पाडीत. चिठ्ठी चुकीची लागली तर नाव चुकीचे. तरी एक बरे होते. नाव फिल्मवरच उमटलेले असे, ते फिल्मपासून वेगळे होऊ शकत नसे.

संगणक आला आणि नेमके तेच झाले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सी. टी. स्कॅन झाला. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड ईएमआय या कंपनीत अभियंता होते. (होय, तीच ती ग्रामोफोनच्या तबकड्यांची कंपनी.) या यंत्रातून थेट फिल्म निघत नव्हती, निघत होते आकडे. ८० गुणिले ८० चौकोनांचे एक चित्र, म्हणजे ६,४०० आकडे. आता या आकड्यांना नाव चिकटवायचे कसे? शिशाचे अक्षर येथे निरुपयोगी. उपाय एकच, यंत्रावर बसलेल्या तंत्रज्ञाने कळफलकावर नाव टंकित करायचे.

येथून एका नव्या दुखण्याची सुरुवात झाली. रुग्णाचे नाव केसपेपरच्या खिडकीवर एकदा लिहिले जाई, पैसे भरताना दुसऱ्यांदा आणि यंत्रावर तिसऱ्यांदा. कारकून माणूस असेल तर 'दीक्षित' रोमन लिपीत एक्स घालून लिहिले काय किंवा केएसएच घालून लिहिले काय, त्याला कळते की माणूस एकच. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते दोन दीक्षित. एका दीक्षितांचा जुना स्कॅन दुसऱ्या दीक्षितांच्या नावाखाली पडून राहतो, आणि गाठ वाढली की कमी झाली हे ताडून पाहायला डॉक्टरांच्या हाती काही येत नाही.

दरम्यान यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांची प्रत्येकाची भाषा निराळी होती. एकीच्या यंत्रातले चित्र दुसरीच्या पडद्यावर उघडत नसे. १९८३ साली अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची संस्था आणि विद्युत् उपकरणे बनवणाऱ्यांची संघटना यांनी मिळून एक समिती नेमली. तिचा पहिला मसुदा १९८५ साली आला, सुधारित १९८८ साली. त्यात ५० टाचण्यांचा एक प्लग ठरवून दिला होता. त्याने एक यंत्र एका यंत्राला जोडायचे. रुग्णालयातल्या दहा यंत्रांना हे पुरणार नव्हते. १९९३ साली तिसरी आवृत्ती आली ती संगणकांच्या जाळ्यावर चालणारी, आणि तिचे नाव ठरले डायकॉम. ते नाव आजही टिकून आहे.

डायकॉममुळे चित्र इकडून तिकडे बिनचूक जाऊ लागले. पण त्यावरचे नाव अजूनही तंत्रज्ञच टंकित करीत होता. म्हणजे टपाल उत्तम, पत्ता मात्र घाईत लिहिलेला. ही उणीव १९९० च्या दशकाच्या मध्यास डायकॉमला जोडलेल्या पुरवणी क्रमांक १० ने भरून काढली. तिचे नाव 'मोडॅलिटी वर्कलिस्ट'. मोडॅलिटी म्हणजे चित्र काढणारे यंत्र, वर्कलिस्ट म्हणजे कामाची यादी. कल्पना साधी आहे: नाव एकदाच, खिडकीवर लिहायचे. त्यानंतर ते कोणी लिहायचे नाही, फक्त निवडायचे.

शिक्षकांना हे समजायला अवघड नाही, कारण वर्कलिस्ट म्हणजे यंत्राचा हजेरीपट. सकाळी सी. टी. यंत्र सर्व्हरला विचारते, "आज माझ्याकडे कोण कोण येणार?" हा प्रश्न विचारण्याची रीत मोठी मजेची आहे. यंत्र एक कोरा तक्ता पाठवते. त्यातल्या काही जागा भरलेल्या असतात: तारीख आजची, यंत्राचा प्रकार सी. टी., यंत्राचे नाव अमुक. बाकीच्या जागा रिकाम्या: रुग्णाचे नाव, क्रमांक, जन्मतारीख, कोणती तपासणी. भरलेल्या जागा म्हणजे अटी, रिकाम्या जागा म्हणजे प्रश्न. 'रिकाम्या जागा भरा' हा आपला परीक्षेतला प्रकार तो हाच. अटींत बसणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी सर्व्हर एकेक भरलेला तक्ता परत पाठवतो आणि प्रत्येकावर 'आणखी आहेत' अशी खूण करतो. शेवटी 'संपले' असा एक निरोप. त्या तक्त्यात तपासणीचा एक लांबलचक क्रमांकही असतो, ६४ चिन्हांपर्यंतचा आणि साऱ्या जगात एकमेव. म्हणजे चित्र काढण्याआधीच त्याचा क्रमांक ठरलेला असतो!

येथे कोणी विचारील, यंत्राने विचारायचे कशाला? सर्व्हरनेच यादी धाडून द्यावी. आम्हांलाही आरंभी तसेच वाटले होते. पण रुग्णालयाचे कामकाज आठवा. यंत्र रात्री बंद असते, कधी नादुरुस्त असते, कधी एका खोलीतले काम ऐन वेळी दुसऱ्या खोलीत हलते. यादी धाडली आणि घेणारा झोपला असेल, तर ती गेली कोठे? शिवाय धाडलेली यादी लगेच शिळी होते. विचारणाऱ्याला मात्र विचारल्या क्षणाची यादी मिळते. पुरवणी लिहिणाऱ्यांनी ही बाजू निवडली ते शहाणपणाचे केले असे आमचे मत आहे.

असा सर्व्हर चालवायला फार मोठी सामग्री लागते असेही नाही. जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथील एका संगणक-संशोधन संस्थेने १९९० च्या दशकापासून 'डीसीएमटीके' नावाचा प्रणालीसंच विकसित केला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. त्यात एक छोटा वर्कलिस्ट सर्व्हर आहे. संगणकावर एक कप्पा करायचा, त्यात प्रत्येक रुग्णामागे एक फाइल ठेवायची. कोणी विचारले की सर्व्हर त्या फाइली चाळून उत्तर देतो. आम्ही एका तालुक्याच्या गावी तो बसवण्यास मदत केली, तेव्हा दोन दिवस यंत्र उत्तरच घेईना. तारा तपासल्या, यंत्राचे नाव सोळा अक्षरांत बसते की नाही ते पाहिले. शेवटी कळले की त्या कप्प्यात 'लॉकफाइल' नावाची एक रिकामी फाइल असावी लागते. ती नसेल तर सर्व्हर त्या कप्प्याला कप्पाच मानत नाही. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही ती वाचली नव्हती, इतकेच.

दुसरा घोटाळा अधिक शिकवणारा होता. एका सकाळी सोनोग्राफीच्या यंत्रावर यादी कोरी. बाहेर बाकावर तीसेक बायका बसलेल्या, आत यादीत कोणी नाही. सर्व्हर नीट, फाइली जागच्या जागी. रात्री वीज गेली होती आणि यंत्राच्या घड्याळातली बॅटरी संपली होती. त्यामुळे यंत्र कित्येक वर्षांपूर्वीची तारीख धरून बसले होते. ते इमानेइतबारे विचारीत होते, "आज कोण येणार?" आणि सर्व्हर इमानेइतबारे सांगत होता, "त्या दिवशी कोणी नाही." त्या दिवशी नावे पुन्हा हातानेच टंकित झाली.

नावावरून आठवले. डायकॉममध्ये माणसाचे नाव एका ठरावीक क्रमाने लिहितात: आधी आडनाव, मग नाव, मग मधले नाव. अमेरिकेत मधले नाव म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचे दुसरे नाव किंवा आईचे माहेरचे आडनाव असे काहीही असते, पुष्कळांना तर ते नसतेच. आपल्या हजेरीपटावर मात्र कित्येक पिढ्या हाच क्रम चालत आला आहे: आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव. शिकागो-वॉशिंग्टनकडच्या समितीने आपल्याला न विचारता आपलाच हजेरीपट उचलला म्हणायचे! लिपीचे तेवढे सुखाचे नाही. डायकॉमची मूळ लिपी साधी रोमन. देवनागरी युनिकोडच्या मार्गाने लिहिता येते, पण सर्व्हर आणि यंत्र दोघांनाही ते यावे लागते. जुन्या यंत्राला येत नसेल तर पडद्यावर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. मग पुन्हा रोमन, आणि पुन्हा दीक्षित एक्सने की केएसएचने हा वाद. फक्त तो आता खिडकीवर एकदाच होतो, तीनदा नाही.

मग वर्कलिस्टने चूक संपली का? टंकण्याची चूक संपली. तिच्या जागी निवडण्याची चूक आली. यादीत वीस नावे आहेत, तंत्रज्ञ घाईत आहे, बोट एक ओळ खाली पडले. आता नाव शुद्ध, क्रमांक शुद्ध, जन्मतारीख शुद्ध, आणि माणूस दुसराच. पूर्वीची चूक दिसायला तरी वेडीवाकडी असे, त्यामुळे कोणाला शंका येई. ही चूक इतकी नीटनेटकी असते की शंका घ्यायला जागाच उरत नाही. यावर तोड म्हणून 'ही तपासणी सुरू झाली', 'ही पुरी झाली' असा निरोप यंत्राने सर्व्हरला परत देण्याची सोय डायकॉममध्ये झाली. तपासून झालेली नावे यादीतून गेली, की चुकीच्या ओळीवर बोट पडण्याचा संभव तेवढा कमी होतो. पण सगळीच यंत्रे हा निरोप देत नाहीत, आणि दिला तरी सगळे सर्व्हर तो ऐकत नाहीत.

म्हणून रुग्णाची ओळख दोन गोष्टींवरून पटवावी असा दंडक पडला. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००३ पासून तो घालून दिला आहे. नाव आणि जन्मतारीख ही त्यातली नेहमीची जोडी. ही जोडी तिकडे चांगली चालते. आपल्याकडे काय होते ते आम्ही त्या तालुक्याच्या गावीच पाहिले. यादीत दोन ओळी लागोपाठ होत्या. आडनाव तेच, नाव तेच, यंत्राच्या अरुंद पडद्यावर मधले नाव अर्धेच मावलेले. तंत्रज्ञाने जन्मतारीख पाहिली. दोघींची १ जून, सालही एकच. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कित्येकांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली असेल. तंत्रज्ञ क्षणभर थांबला. मग तो दार उघडून बाहेर आला आणि बाकावरच्या बाईंना म्हणाला, "मावशी, तुमचं गाव कोणतं?"