एक नमुना, तीन कायदे : हिंगोली परिसरातील महसुली दप्तराचे एकीकरण

मोठ्या यंत्रणेच्या शाखांत एकच काम निरनिराळ्या रीतींनी चालत असेल, तर कागदाचा नमुना एक केला की रीतही एक होते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हिंगोली परिसरातील महसुली दप्तराचा इतिहास या गृहीताला पुष्टी देत नाही.

पैनगंगेचे दोन्ही काठ 1853 पूर्वी निजामाच्या अमलाखाली होते. त्या वर्षी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले, ते हैदराबाद कंटिन्जंटच्या थकलेल्या खर्चापायी. आणि त्याच फौजेची एक छावणी हिंगोलीस होती! पुढे शतकभर दोन काठांवर दोन दप्तरे वाढली. हिंगोलीच्या बाजूस सालारजंगाने 1865 साली जिल्हाबंदी केली व मक्तेदारांच्या वसुलीऐवजी पगारी तालुकदारांचा कारभार पक्का केला. जमिनीची मोजणी मात्र मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. त्यामुळे एकर-गुंठ्यांचे माप नवे करावे लागले नाही; भेद होता तो हक्कांच्या नोंदीत. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला, तर हैदराबादेत तसा कायदा होण्यास 1358 फसली, म्हणजे 1948 चा सुमार, उजाडावा लागला.

1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही 15 ऑगस्ट 1967 पासून अमलात आली व मुंबईचा 1879 चा, मध्य प्रदेशाचा 1954 चा आणि हैदराबादचा 1317 फसलीचा असे तिन्ही महसूल कायदे तिने एकत्र आणले. सातबारा, आठ-अ, फेरफार हे गाव नमुने सर्वत्र सारखे झाले. सामान्य खातेदाराची यामुळे मोठीच सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु कुळकायदे तीनच राहिले : मुंबईचा 1948 चा, हैदराबादचा 1950 चा, विदर्भाचा 1958 चा. सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ या एकाच रकान्यातील कुळाची नोंद कळमनुरीस एका कायद्याने व नदीपलीकडे उमरखेडास दुसऱ्या कायद्याने वाचावी लागते. इनामांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. त्यांच्या वादात मराठवाड्यात अद्यापही 1954 ची खासरा पाहणी उलगडून पाहावी लागते.