पडद्यावरचे मराठी अक्षर : जालाच्या पहिल्या दशकाचा मागोवा

मराठीच्या संगणकीय इतिहासात १९९१ या सालाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. भारतीय मानक ब्युरोने भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण म्हणून स्वीकारली. ऑगस्टमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत घडवलेल्या वर्ल्ड वाइड वेबची माहिती बाहेरच्या जगाला दिली. आणि ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग होता आणि अक्षरांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली होती.

म्हणजे जाल जन्माला आले त्याच वर्षी देवनागरी अक्षरे संगणकात कशी साठवावीत याचे उत्तर कागदावर तयार होते. तरीही मराठी संकेतस्थळे सर्रास युनिकोडमध्ये येऊ लागायला २००५ ते २०१० हा काळ उजाडावा लागला. मधल्या वर्षांत मराठी मजकूर जालावर नव्हता असे नाही, भरपूर होता. पण तो ज्या रूपात ठेवला गेला त्यामुळे आज त्यातला फार मोठा भाग असून नसल्यासारखा आहे. गेली काही वर्षे मी अशा जुन्या मराठी पानांच्या जतन केलेल्या प्रती जमवतो, उघडतो आणि वाचण्याची खटपट करतो. त्या खटपटीतून हाती आलेला हा इतिहास आहे.

पान बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न

वेब डेव्हलपर, म्हणजे संकेतस्थळ बांधणारा कारागीर, कोणत्याही देशातला असो, त्याचा सर्वांत जुना प्रश्न एकच आहे : माझ्या संगणकावर नीट दिसणारे पान वाचकाच्या संगणकावर तसेच का दिसत नाही? १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आला, १९९५ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला, आणि दोघांच्या चढाओढीत एकाच पानाची दोन रूपे सांभाळण्याची वेळ जगभरच्या कारागिरांवर आली. इंग्रजीत हा प्रश्न रंग, चौकटी आणि मांडणी यांपुरता होता. अक्षरे तरी दोन्हीकडे दिसत. मराठीत मात्र प्रश्न अक्षरापासूनच सुरू होई.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. तोवर मराठी छपाईत संगणक रुळला होता. वृत्तपत्रे आणि प्रकाशक सी-डॅक, श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांतून मजकूर जुळवत होते. हौशी मंडळींत शिवाजी आणि शुषा हे फॉन्ट चालत. यातल्या फॉन्टांमागची युक्ती साधी होती. इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे : अर्धा श, काना, वेलांटी, रफार, उकार. अशा जागा मोजक्याच होत्या, म्हणून ‘श’ हा अर्धा श आणि काना असा दोन तुकड्यांत जुळवावा लागे. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा गुंता असे; मराठीचा फॉन्ट चढवला की त्याच ओळीला मराठीचे रूप येई. शिवाय कोणत्या जागेवर कोणता तुकडा, हे प्रत्येक संचाचे वेगळे. सी-डॅकने आपल्या फॉन्टांसाठी इस्फॉक नावाची सारणी ठरवली होती, पण ती इतरांवर बंधनकारक नव्हती.

छापखान्यात याने काही बिघडत नव्हते. कागदावर शाई उमटली की आतली साठवण कोण पाहतो? पण तोच मजकूर जालावर चढवला की वाचकाकडे तोच फॉन्ट असणे भाग होते. म्हणून त्या काळच्या मराठी पानांवर वरच्या बाजूला हमखास एक दुवा असे : ‘फॉन्ट उतरवून घ्या’. सायबर कॅफेत बसलेल्या वाचकाला ते करू देत नसत, कार्यालयातल्याला परवानगी नसे, आणि चार संकेतस्थळे वाचायची तर चार फॉन्ट लागत.

पीएफआर आणि ईओटी

१९९७ मध्ये यावर तोडगा निघाला, तोही दुहेरी. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत बिटस्ट्रीम कंपनीचे तंत्र होते. त्यात पीएफआर प्रकारची फॉन्टफाइल पानाबरोबरच वाचकाकडे जाई. इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टचा ईओटी हा प्रकार आला. एकाचे दुसऱ्याला चालत नसे. मराठी संकेतस्थळाच्या कारागिराने मग दोन्ही फाइली बनवायच्या आणि वाचकाचा ब्राउझर ओळखून योग्य ती पाठवायची. ईओटी फाइल विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधता येत असे, त्यामुळे संस्थेचा पत्ता बदलला आणि फाइल नव्याने केली नाही, तर सगळी पाने एका रात्रीत गिचमीड होत.

वाचकाच्या दृष्टीने मात्र प्रश्न सुटला होता. पान उघडले की मराठी दिसे. हा मजकूर साठवला कसा आहे, ही चौकशी करण्याचे कारण कोणालाच उरले नाही, आणि पुढच्या नुकसानीचे मूळ मला इथे दिसते.

युनिकोड तेव्हाच का स्वीकारले नाही, हे विचारणे सोपे आहे. उत्तर कारागिराच्या आळसात नाही. देवनागरीत संकेत कळून भागत नाही. क, हलन्त आणि ष यांचा ‘क्ष’ करणारी, वेलांटी व्यंजनाआधी नेऊन बसवणारी व्यवस्था संगणकात असावी लागते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ती नव्हती. विंडोज २००० मध्ये ती आली, आणि तिच्याबरोबर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्टही. पण २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येही ही सोय सहसा बंद असे. ती सुरू करायला मूळ सीडी घालावी लागे, आणि ती सीडी बहुतेक घरांत नसे. अशा वेळी युनिकोडचे पान उघडले की चौकोन दिसत, किंवा वेलांट्या भलत्या जागी पडत. याउलट वृत्तपत्राच्या कार्यालयात रात्री जुळवलेला मजकूर आयता तयार असे. तोच फॉन्टसह जालावर टाकणे हा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग होता.

शब्द दिसतो, पण सापडत नाही

अडचण उघडी पडली ती शोधयंत्रांमुळे. वाचक ‘महाराष्ट्र’ असा शब्द युनिकोडमध्ये टंकून शोधू लागला, तेव्हा हजारो पानांवर डोळ्यांना दिसणारा तो शब्द यंत्राला सापडेना. पानावरचा मजकूर दुसरीकडे चिकटवला तर रोमन कचरा मिळे. आंधळ्या वाचकाला पान वाचून दाखवणारे साधन तोच कचरा मोठ्याने वाचे.

दरम्यान १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो युनिकोडमध्येच. बरहासारख्या साधनांमुळे रोमन कळफलकावरून युनिकोड मराठी लिहिणे सोपे झाले. जुन्या पानांसाठी फायरफॉक्स ब्राउझरला ‘पद्म’ नावाचे जोडसाधन मिळाले. ते फॉन्टमधला मजकूर वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलून दाखवी.

असे रूपांतर म्हणजे एका अक्षराऐवजी दुसरे ठेवणे, इतके सरळ नसते. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टांत तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जाई : म, काना, वेलांटी, म, रफार, क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा : म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी ‘म’च्या मागे न्यायची आणि रफार त्याच ‘म’च्या पुढे आणायचा. जोडाक्षर आले की वेलांटीने नेमके कोणते अक्षर ओलांडायचे हेही ठरवावे लागते. मी स्वतः अशा सारण्या हाताने केल्या आहेत. दोन फॉन्टांच्या सारण्या क्वचितच जुळतात, आणि पानावर फॉन्टचे नाव नसेल तर दोन-चार ओळख पटणारे शब्द धरून, शिलालेख वाचावा तसे मागे जावे लागते.

खास मराठीचे पेच

युनिकोड आले म्हणून सारे सुरळीत झाले, असेही नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही; एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. हिंदीला या दुसऱ्या ‘र’ची गरज नसते. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो : इस्कीच्या परंपरेप्रमाणे ‘ऱ’ आणि हलन्त वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून दुसरी रीतही कायम ठेवली गेली. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ‘दुसऱ्या’ हा शब्द एका रीतीने साठवलेला आणि दुसऱ्या रीतीने शोधलेला असेल, तर साध्या शोधाला तो सापडत नाही. कारागिराने दोन्ही रूपे आधी एक करून घेतली तरच सापडतो.

‘ॲ’ची कथाही तशीच. हिंदीच्या सोयीचा ‘ऍ’ पहिल्यापासून होता. मराठीचा ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून एप्रिल २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत आला. तोवर लोक ‘अ’ला चंद्र जोडून वेळ मारून नेत. त्यामुळे ‘ॲप’ हा शब्द आजही तीन-चार प्रकारे साठवलेला आढळतो.

क्रमाचा प्रश्न असाच. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. केवळ संकेतक्रमाने यादी लावली तर ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी येतो, आणि शब्दकोशात ‘कासव’, ‘काहूर’ यांच्याही नंतर शोधणारा वाचक गोंधळतो. अक्षर मोजण्याचेही तेच. ‘मराठी’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात, यंत्राला पाच संकेत दिसतात, आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत ते पंधरा बाइट व्यापतात. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करायला गेले की ‘क्ष’ तुटून अर्धा क एकीकडे आणि ष दुसरीकडे पडे. देवनागरी जोडाक्षर हे एकच अक्षर मानावे, असा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत आला तो १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये. पहिल्या आवृत्तीनंतर बत्तीस वर्षांनी!

राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद कारागिराने संकेतात केली तर ब्राउझर मराठी वळण निवडतो. ही नोंद दोन रोमन अक्षरांची आहे. मी पाहिलेल्या कित्येक मराठी पानांवर ती नाही. काहींवर भाषा इंग्रजी असल्याची नोंद आहे. इंग्रजी साच्यातून उचललेले अक्षरांमधले जादा अंतरही तसेच राहते, आणि शिरोरेषा तुटते.

बुडालेले दशक

आता त्या जुन्या पानांकडे परत येऊ. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने १९९६ पासून जगभरची पाने जतन केली, त्यांत मराठी पानेही आहेत. पण ती दाखवणारी साधने एकेक करून गेली. पीएफआर नेटस्केपबरोबर संपले. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ च्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीची जोडसाधने बंद केली. पद्म त्याच पद्धतीचे होते. ईओटी समजणारा इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. आज त्या प्रती उघडल्या की रोमन गिचमीड दिसते, आणि ती मराठी आहे हे ओळखणारेही थोडे.

त्या मजकुरात कारगिलच्या युद्धाच्या बातम्या आहेत, २००१ च्या भुजच्या भूकंपाच्या आहेत, साहित्य संमेलनांचे वृत्तान्त आहेत, गावोगावच्या निवडणुकांचे निकाल आहेत, परदेशस्थ मराठी मंडळांची अंके आहेत. वृत्तपत्रांचे छापील अंक ग्रंथालयांत निदान काही ठिकाणी मिळतील. जी पाने कधी छापलीच गेली नाहीत, त्यांना दुसरा आधार नाही. शंभर वर्षांपूर्वीचा जीर्ण अंक मी आजही भिंग घेऊन वाचू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वीचे पान वाचायला मला सारणी लागते.

हे काम अशक्य नाही आणि फार खर्चाचेही नाही. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी, फॉन्टनिहाय सारण्या करून त्या सर्वांना खुल्या कराव्यात, रूपांतरित मजकूर तिच्याशेजारी ठेवावा. सारणी करायला त्या काळी जुळाऱ्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची स्मृती लागते. कोणत्या कळीला कोणता तुकडा उमटे, हे त्याच्या बोटांना अजून आठवते. ती माणसे आता निवृत्तीला आली आहेत. ज्यांच्याकडे असे जुने फॉन्ट, त्यांचे कळफलकाचे तक्ते किंवा त्या काळच्या फाइली असतील, त्यांनी त्या रद्दीत टाकण्याआधी एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा अभ्यासकाकडे द्याव्यात.