थोरचा झाला थोरिम

संगणकावरचे खेळ खेळायची माझी हौस पीएचडी करता करताच संपली. पण इथे नॉर्वेत दुपारच्या जेवणाला प्रयोगशाळेतली तरुण मंडळी जमली की ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा विषय हमखास निघतो. खेळ मला येत नाही, पण त्यातली नावं कानावर पडली की कान टवकारतात. थोरिम, होडिर, मिमिरॉन, फ्रेया, लोकेन... ही तर सगळी नॉर्स पुराणातली, म्हणजे ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या स्कँडिनेव्हियातली देवमंडळी! कुणाला शेपूट जोडलंय, कुणाचं एखादं अक्षर बदललंय, इतकंच.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने तो २००४ साली काढला. जगभरातले लोक आंतरजालावरून एकाच काल्पनिक जगात शिरतात आणि टोळ्या करून राक्षस मारतात. नोव्हेंबर २००८ मध्ये या जगाला नॉर्थरेंड नावाचा बर्फाळ खंड जोडला गेला. तिथे फिऑर्ड आहेत, दाढीवाले धिप्पाड योद्धे आहेत आणि मेलेल्या वीरांना उचलून नेणाऱ्या पंखवाल्या बायकाही आहेत. २००९ साली त्यात उल्डुआर नावाची एक प्राचीन नगरी आली. वर सांगितलेली बरीचशी देवमंडळी तिथे भेटतात.

आता मूळ कथा आणि खेळ शेजारी ठेवून बघू. थोर (मराठीतला थोर नव्हे, तसा तोही थोरच!) हा मेघगर्जनेचा देव, हातात म्योल्निर नावाचा हातोडा. खेळातल्या थोरिमकडेही वीज आहे, हातोडा आहे. इथवर ठीक. मूळ कथेतला होड हा आंधळा देव. लोकीच्या चिथावणीवरून तो मिसलटोची एक फांदी फेकतो आणि स्वतःच्याच भावाचा, सर्वांच्या लाडक्या बाल्डरचा जीव घेतो. खेळातला होडिर डोळस आहे आणि बर्फाचा मालक आहे. बाल्डरशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. मिमिर हा ज्ञानी. त्याचं मुंडकं उडवलं जातं, पण ओडिन ते जपून ठेवतो आणि अडीअडचणीला त्याचा सल्ला घेतो. खेळात त्याचा मिमिरॉन नावाचा यंत्रज्ञ झालाय. आमच्या जातीचा माणूस, म्हणून मला तो आवडतो! गंमत म्हणजे उल्डुआरची सर्वात अवघड लढाई जिंकली तर बक्षीस म्हणून बसून उडायला एक यांत्रिक डोकं मिळू शकतं: ‘मिमिरॉनचं डोकं’. म्हणजे लिहिणाऱ्यांना मूळ कथा ठाऊक होत्या. त्यांनी जे गाळलं ते माहीत असून गाळलं.

काय गाळलं हे सिफच्या गोष्टीत नीट दिसतं. सिफ ही थोरची बायको. मूळ कथेत लोकी खोडसाळपणे तिचे केस कापतो. थोर त्याची मान पकडतो तेव्हा तो घाबरून बुटक्या कारागिरांकडे धावतो आणि सोन्याचे केस घडवून आणतो. त्याच खटपटीतून देवांना आणखीही वस्तू मिळतात, आणि खुद्द म्योल्निर हातोडा त्यातलाच! लोकी असा आहे: घरात आग लावणारा तोच, आणि घराला उपयोगी पडणाराही तोच. खेळात लोकीचा लोकेन झाला. तो सिफला मारूनच टाकतो आणि आळ बर्फातल्या राक्षसांवर ढकलतो. सरळ खलनायक! त्याला मारलं की काम झालं.

या कथा आपल्यापर्यंत आल्या त्यात एका माणसाचा मोठा वाटा आहे. आइसलंडने इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १२२० च्या आसपास, तिथल्या स्नोरी स्टुर्लुसन (११७९ ते १२४१) या पुढाऱ्याने ‘एड्डा’ नावाचा ग्रंथ रचला. तो स्वतः ख्रिस्ती होता, जुन्या देवांची भक्ती करण्याचा प्रश्नच नव्हता. त्याची काळजी कवितेची होती. जुने कवी सोन्याला सोनं म्हणत नसत, ‘सिफचे केस’ म्हणत. समुद्रमंथन माहीत नसेल तर सिंधुजा म्हणजे लक्ष्मी हे कसं कळणार? तसंच हे. गोष्ट विसरली की नाव मुकं होतं, म्हणून स्नोरीने गोष्टी लिहून ठेवल्या. पुढे नॉर्वेच्या राजाशी बिनसलं आणि १२४१ मध्ये मारेकऱ्यांनी त्याला त्याच्याच घरात गाठलं.

स्नोरीनेही फेरफार केलेच. हे देव म्हणजे मुळात ट्रॉयकडून आलेली माणसं, असं प्रस्तावनेत सांगून त्याने धर्माची अडचण सोडवली. तेव्हा अमेरिकन खेळवाल्यांनी बदल केला म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. प्रश्न बदल काय झाला याचा आहे.

नॉर्स देवांना आपण हरणार हे आधीपासून ठाऊक असतं. रॅग्नरॉक येणार, फेनरिर लांडगा ओडिनला गिळणार, थोर महासर्पाला मारणार आणि त्याच्या विषाने नऊ पावलं चालून कोसळणार. तरी ते लढायला उभे राहतात. माझ्या मते या पुराणाचा सगळा कणा हा आहे. आणि खेळात नेमकं हेच बसत नाही, कारण महिन्याचे पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाला जिंकता आलं पाहिजे. बरं, जिंकणंही कायमचं नाही. मारलेला राक्षस पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर! युरोपातल्या सर्व्हरवर हा नवा आठवडा बुधवारी सुरू होतो. नॉर्वेजियनमध्ये बुधवार म्हणजे ‘ऑन्सडाग’, ओडिनचा वार. रोमनांच्या ग्रहवारांवर जर्मानिक लोकांनी आपले देव बसवले, त्यातलाच हा एक. आपला बुधही त्याच ग्रहमालेतला, म्हणजे वाराच्या नात्याने ओडिन आपला लांबचा पाहुणाच लागतो.

जाता जाता एक. नॉर्थरेंडमध्ये उटगार्ड नावाचा किल्ला आहे. खेळाडू तो जिंकतात. स्नोरीच्या गोष्टीत थोर उटगार्डला जातो आणि तिथे त्याची एका जख्ख म्हातारीशी कुस्ती लावतात. थोर जोर लावतो, पण म्हातारी हलत नाही, उलट त्यालाच एका गुडघ्यावर आणते. निघताना यजमान सांगतो की ती म्हातारी नव्हती, ते म्हातारपण होतं. तिला आजवर कुणी पाडलेलं नाही, आणि तू फक्त एक गुडघा टेकलास हेच आश्चर्य.